ओव्हरकाका

ट्रेकिंगच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक दोर सांभाळणारा असतो, एक पैशांचा हिशेब ठेवणारा असतो आणि गडाच्या पायथ्याला पिठलं-भाकरी कोणाकडे सांगायची हे जाणणारा एक असतोच. हे तिघे ग्रुपने नेमलेले असतात. चौथ्याला कोणी नेमत नाही. तो आपणहून येतो, कमरेला वॉकीटॉकी लावून.

पुण्यात हा गृहस्थ बहुधा बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून निवृत्त झालेला असतो. अंगात इतक्या खिशांचं जाकीट, की शिट्टी नेमकी कुठल्या खिशात आहे हे शोधण्यात निम्मा गड चढून होतो. पोरं तोंडावर ‘काका’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘ओव्हरकाका’. कारण काकांचं वाक्य पूर्णविरामाने संपत नाही, ‘ओव्हर’ने संपतं. भाजीवाल्याला ते “पाव किलो गवार, कोवळी दे, ओव्हर” असं सांगतात म्हणे. काकू नुसत्या हसतात. म्हणजे खरं असावं.

वॉकीटॉकीचे सेट कोणते घ्यावेत हा प्रश्न काकांना विचारू नये. विचारलाच तर चहा आधी मागवावा. “किती लांब बोलायचंय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. तुम्ही डब्यावरचा ‘दहा किलोमीटर’ हा आकडा दाखवलात की ते चष्मा कपाळावर चढवतात. “अरे, पृथ्वी गोल आहे! दोन माणसं सपाट माळावर उभी केलीस तरी साधारण नऊ किलोमीटरवर एकमेकांच्या क्षितिजाखाली जातात. आणि सह्याद्रीत सपाट माळ आणणार कुठून? मध्ये डोंगराची एक सोंड आली की संपलं. डब्यावरचा आकडा म्हणजे लग्न जमवताना सांगितलेला पगार!” हे मात्र सोळा आणे खरं. वॉकीटॉकीच्या लहरी बऱ्याचशा नजरेसारख्या सरळ जातात. कातळ आडवा आला की अडतात.

राजगडावर काकांचं हे ज्ञान कामी येतं, तेव्हा ते खरोखर मोठे वाटतात. पद्मावती माचीवरून सुवेळा माचीशी थेट बोलायला जावं, तर मध्ये बालेकिल्ला ठाण मांडून बसलेला. नवखा लीडर सेट आपटतो, बॅटरी काढून फुंकर मारतो. काका एका पोराला बालेकिल्ल्यावर चढवतात आणि इकडचा निरोप तिकडे द्यायला सांगतात. जास्त वॉटचा सेट घेऊन साधलं नसतं ते एका उंचावर बसवलेल्या पोराने साधतं. फरक इतकाच, की त्या पोराला दिवसभर काकांचंच बोलणं दुसऱ्यांना सांगावं लागतं आणि संध्याकाळी त्याच्याही वाक्याला ‘ओव्हर’ लागायला लागतं.

वॉटवरून आठवलं. काकांच्या घरी माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी, पाच वॉटचा एक चिनी सेट झोपलेला आहे. स्वस्त होता, हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लागत होता आणि हीच त्याची गोम होती. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायला 2018 पासून 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढी चिंचोळी पट्टी मोकळी आहे, तीही अर्ध्या वॉटच्या छोट्या सेटसाठी. त्या पट्टीबाहेर परवान्याशिवाय बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यात शिरणं, आणि तो वाडा पोलिसांचाही असू शकतो. 2025 च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या, त्या दिवशी काकांनी पेपर दोनदा वाचला आणि स्टूल मागितलं. तेव्हापासून ते कुठलाही सेट हातात घेतला की आधी ईटीए, म्हणजे सरकारी मान्यतेचा क्रमांक, शोधतात. रंग, आकार, किंमत सगळं नंतर.

तो चिनी सेट कायदेशीरपणे वापरायचा एक मार्ग होता. हॅम, म्हणजे हौशी, रेडिओची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि हॅमना ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवरच बोलायचं. काकांनी पुस्तकं आणली, मोर्स कोड पाटावर बोटांनी वाजवून जेवणाऱ्यांचा घास अडवला, पण अर्ज काही गेला नाही. बाराव्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. तेव्हा आठवीतल्या नातीने ती पुस्तकं उचलली आणि पास होऊन मोकळी झाली. आता तिच्याकडे स्वतःचं कॉल साइन आहे. हॅमने बोलायचं ते दुसऱ्या परवानाधारक हॅमशीच. त्यामुळे आजोबा शेजारी बसून ऐकतात. त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव रेडिओ, ज्यावर ते फक्त ऐकतात.

खरं दुखणं तिथेच आहे: बाकी सेटवर ते ऐकत नाहीत, बोलतच राहतात. पहाटे राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात, बस थांबते. अजून कोणाचे बूट बांधून व्हायचेत आणि काका गरजतात, “लीड टू स्वीप, लीड टू स्वीप, आवाज येतोय का, ओव्हर.” स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारा, त्यांच्यापासून चार फुटांवर उभा असतो. त्याला आवाज कानानेही येतो आणि सेटमधूनही. तो “येतोय काका” म्हणायला बटण दाबतो, तर दोन्ही सेट एकमेकांना पाहून कुंईऽऽ करून किंचाळतात आणि गावातली सगळी कुत्री उत्तर देतात. मग बटण दाबून एक क्षण थांबायचं, मगच बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, यावर प्रवचन. ‘या’ म्हणावं आणि पलीकडे काहीच पोचू नये. ‘थांबू नका’ म्हणावं आणि ‘नका’ एवढंच पोचावं. उदाहरणं काकांकडे तयार असतात.

चोर दरवाज्याच्या वाटेवर कातळटप्पा लागला की मागच्यांचं काय चाललंय हे पुढच्याला कळणं गरजेचं असतं. कोणाच्या पायात गोळा आलेला असतो, कोणाचं पाणी संपलेलं असतं. नेमकं तेव्हाच काका स्वीपला कारवीबद्दल सांगत असतात. बरं, हे यंत्र फोनसारखं नाही. एकाने बटण दाबलं की तो बोलतो, बाकीच्यांनी ऐकायचं. बटण दाबून बसलेल्या माणसाच्या सेटमध्ये दुसऱ्या कोणाचा आवाज शिरतच नाही. पायात गोळा आलेल्याची बातमी शेवटी साध्या हाकेने वर येते, “ओ काकाऽ, थांबाऽ!” काका थांबतात, सेट तोंडाशी नेतात आणि विचारतात, “कोण बोलतंय? ओव्हर.”

यावर इलाज म्हणून एका पोराने त्यांना आवाजावर आपोआप चालू होणारी सोय सेटमध्ये लावून दिली. बटणच नको! माचीवर वारा सुटला आणि सेट वाऱ्यालाच माणूस समजला. अर्धा तास सगळ्यांच्या कानात नुसतं घोंघावत होतं. बोलणं तेवढंच, पण मुद्द्याचं जास्त, असा स्वीपचा अभिप्राय होता.

तरीही सांगतो. तुमच्या ग्रुपला, सोसायटीला किंवा मंडळाला सेट घ्यायचे असतील, तर दुकानात काकांनाच न्या. पावसात भिजून चालणारे कोणते, बॅटरी बदलता येणारे कोणते, हातमोजे घालून बटण सापडतं का, इमारतीच्या तळघरात आवाज जातो का, हे सगळं ते दुकानदाराचा घाम काढून वदवून घेतील आणि तुमचे पैसे वाचवतील. त्यांच्याइतकी चोख निवड दुसरा कोणी करणार नाही. फक्त गडावर पोचलात की त्यांना बालेकिल्ल्यावरच्या पोराचं काम द्या आणि लीडचा सेट एखाद्या कमी बोलणाऱ्या मुलीच्या हातात ठेवा.