बापूंना दाखवल्याबिगर नको

कोल्हापुरात जुनी गाडी घ्यायची ठरली की माणूस पैसे नंतर जमवतो, आधी बापूंची वेळ घेतो. बापू म्हणजे कुणी एक नव्हे. शिवाजी पेठेत एक आहेत. मंगळवार पेठेत दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. कसबा बावड्यात एक आहेत, ते स्वतःला जिल्ह्याचे समजतात. वय पन्नाशीच्या पुढं, उमेदीची वर्षं उद्यमनगरात लेथवर गेलेली, त्यामुळं माणसांपेक्षा लोखंडावर जास्त विश्वास. खिशात रुमालात गुंडाळलेलं एक चुंबक असतं. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, काळं, कडेला टवका उडालेलं. दारावर चिकटलं तर पत्रा. सटकलं तर आत पुट्टी, म्हणजे गाडी ठोकलेली. चुंबक सटकल्यावर बापू काही बोलत नाहीत. नुसतं विकणाऱ्याकडं बघतात. तेवढ्यावर पाच हजार उतरतात.

गिऱ्हाईक बहुधा एकच असतं. नवरा, बायको, दोन पोरं आणि आजी. बजेट अडीच लाख, "अगदीच आवडली तर पावणेतीन." जायचं कुठं, तर पौर्णिमेला नरसोबाची वाडी, चैत्रात जोतिबा, अधूनमधून गडहिंग्लजच्या बहिणीकडं. पोराला स्विफ्ट पाहिजे, नवऱ्याला ॲव्हरेज पाहिजे, आजीला वाकावं न लागणारं दार पाहिजे. वहिनी म्हणतात, "मला कुठलीबी चालतीय, फक्त पांढरी नको. रोज पुसत मी बसणार न्हाई." बापू सगळ्यांचं ऐकून घेतात आणि आजीच्या बाजूनं निकाल देतात. सँट्रो १९९८ ला आली, वॅगनआर पुढच्या वर्षी. त्या उंच पेट्यांना तेव्हा लोक हसले होते, पण फेटा बांधून ताठ बसता येतं ते ह्याच गाड्यांत, असं बापूंचं मत. बापूंचा खरा जीव मात्र मारुती ८०० वर. १९८३ च्या डिसेंबरात आली, २०१४ ला बनायची थांबली, आणि बापूंच्या मते तिथंच बॉनेट उघडण्यातलं सुख संपलं. "आता उघडायचं, आणि आत प्लॅस्टिकचं आणखी एक झाकण बघायचं."

गाडीपाशी पोचल्यावर पहिला प्रश्न नंबरप्लेटचा. एमएच १२ म्हणजे पुणं. "क्लच गेलेला असणार, दिवसभर पहिल्या-दुसऱ्यातच चालली असंल." एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी, खारं वारं, बापू गुडघे टेकून तळ बघतात, गंजाचा पापुद्रा नखानं काढून सगळ्यांना प्रसादासारखा दाखवतात. केए असली तर बेळगाव-निपाणीची, स्वस्त वाटते, पण एनओसी आणि इथला टॅक्स भरता भरता स्वस्ताई चिक्कोडीतच राहते. एमएच १० म्हणजे सांगली. तिथं बापू एकच शब्द म्हणतात, "कृष्णा." आणि पुढं चालू लागतात.

आपली एमएच ०९ असली की खरी उलटतपासणी. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पुराची सालंही. २००५, २०१९, २०२१. त्यामुळं मॉडेल कुठल्या सालचं, हे विचारायच्या आधी बापू विचारतात, "१९ च्या ऑगस्टात गाडी कुठं होती?"

"घरातच की."

"घर कुठं?"

"शाहूपुरी. कुंभार गल्ली."

बापू चुंबक परत रुमालात गुंडाळतात.

घर राजारामपुरीत निघालं तरी तपासणी चुकत नाही. विकणारा सीट कव्हर बदलतो, खालचा गालिचा बदलतो, वासाचा स्प्रे मारतो. ("स्प्रे मारलाय म्हंजे आत कायतरी मेलंय.") पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून धुवायचं कुणालाच सुचत नाही. बापू पट्टा वीतवीत ओढत राहतात, अगदी संपेपर्यंत, आणि गाळाची रेघ असलीच तर ती शेवटच्या हातभरात सापडते. मग सीटखालचे रूळ बोटानं चाचपायचे, डिकीतली स्टेपनी काढून त्या खड्ड्यात नाक घालायचं. एकदा त्यांच्या बोटाला लालसर पूड लागली. विकणाऱ्याचा चेहरा पडला. बापूंनी पूड चोळली, वास घेतला आणि कपाळाला लावली. जोतिबाचा गुलाल होता. कोल्हापुरातल्या गाडीत तो सापडला नाही तरच संशय घ्यावा.

गाडी डॉक्टरांची आहे असं सांगितलं की बापूंना चेव येतो. जुनी गाडी कधीच मालवाहू माणसाची नसते. डॉक्टरांची असते, बँकेतल्या मॅडमची असते, नाहीतर निवृत्त सरांची. मीटरवर चाळीस हजार. बापू ब्रेकच्या पॅडलवरचं रबर बघतात, ते झिजून गुळगुळीत. स्टिअरिंगची कड घामानं चकचकीत. "चाळीस हजारात एवढं? डॉक्टरसाहेब पेशंट पायानं तपासत हुते काय?" टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३४१८ असेल तर २०१८ सालचा चौतिसावा आठवडा. हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, पण बापू ते अशा आवाजात वाचतात की विकणाऱ्याला आपलीच जन्मतारीख उघडी पडल्यासारखं होतं.

मग इंजिन. चालू इंजिनवर तेलाचं टोपण उलटं ठेवायचं. फडफडून उडालं तर रिंगा संपल्या. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, पांढरा थांबेचना तर पाणी आत जातंय. शिवाय इंजिनवर एक नाणं उभं करायचं, थरथरून पडतंय का बघायला. नाणं गिऱ्हाइकाचं असतं आणि परत मिळत नाही. शेवटची परीक्षा पन्हाळ्याच्या वाटेवर. वाघबीळचा चढ एसी लावून, माणसं भरून, दुसऱ्या गिअरात. वहिनी म्हणतात, "मी मागं बसतो, पाय पुरतात का बघतो." पुढं बापू, डोळे मिटून. त्यांना गाडीचा खडखडाट ऐकायचा असतो आणि पोरानं गाणी लावलेली असतात.

कागदांत ते वेळ घालवत नाहीत, पण चुकतही नाहीत. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा उतरवायला बँकेचा दाखला आणि ३५, विम्यावर नाव १४ दिवसांत. पंधरा वर्षांची झाली असली तर रीपासिंग आणि पर्यावरण कर. हे सगळं ते चहा येईपर्यंत सांगून टाकतात.

सौदा हा त्यांचा वारसा. वडील वडगावच्या बाजारात लोकांना म्हशी पारखून द्यायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून दर ठरवायचे. बापू रुमाल वापरत नाहीत, पण विकणाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला कंपाउंडच्या कोपऱ्यात नेतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांना नवं हत्यार मिळालंय. लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीच स्वस्त झाली, तर तुमच्या जुनीला एवढे कोण देणार? ह्या एका वाक्यावर त्यांनी बऱ्याच कुटुंबांचा विमा काढून दिलाय. माझ्या मते बापूंची निम्मी तपासणी पक्की शास्त्राची आहे आणि निम्मी नाटकाची, आणि भाव उतरतो तो नाटकामुळं. पैसे ते कुणाकडून घेत नाहीत. चहा, मिसळ आणि चार लोकांत "बापूंनी बघितलीया" एवढं त्यांना पुरतं.

एवढा कडक माणूस एकाच ठिकाणी ढिला पडतो. सौदा अगदी टोकाला आलेला असतो, आणखी दहा हजार उतरणार एवढ्यात बापूंच्या तोंडून सवयीनं निघून जातं, "मूळ गाव कंचं तुमचं?"

"बिद्रीकडचं."

"बिद्री? आडनाव?"

आडनाव ऐकताच बापू खुर्ची पुढं ओढतात. साडूच्या चुलतभावाची मेव्हणी ह्याच घरात दिलेली असते. आतून बशा येतात, मागोमाग चिवडा, मग "आता जेवूनच जायाचं." मघाशी चुंबक सटकलं होतं ते दार आता "जरा घासलंय हो, वापरात हुतंयच." पॅडलचं रबर झिजलं कारण डॉक्टर लोकांना रात्री-अपरात्री बोलावणं येतं. आणि उतरणारे दहा हजार जिथल्या तिथं.

"बापू, ते टायर..." नवरा दबकत विचारतो.

बापू बशीतला चहा संपवतात. "टायरांचं काय घेऊन बसलाईसा? पाव्हण्यांची गाडी हाय." मग विकणाऱ्याकडं वळून, आवाज जरा उतरवून, "ह्याचं मनावर घेऊ नका. पोरगं चांगलं हाय, फक्त घासाघीस लई करतंय."