अंधाराचं गिऱ्हाईक

आमच्या दाजींना पुढची अमावास्या कधी आहे ते कालनिर्णय न बघता सांगता येतं. लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मात्र ताईला करून द्यावी लागते. वाळूजच्या एका कंपनीत ते क्वालिटीत आहेत. दिवसभर दुसऱ्यांचा माल रिजेक्ट करतात आणि रात्री स्वतःचा, म्हणजे दुर्बिणीतून काढलेले आभाळाचे फोटो. कारण तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या ढगाचा, फोटो हा एक फोटो नसतोच. आभाळाच्या त्याच तुकड्याचे तीन-तीन मिनिटांचे शंभर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. शंभर रचले की चित्रातली खरखर दहापट कमी होते, हा त्यांचा लाडका हिशेब. एखाद्यातून उपग्रह रेघ मारून गेला, एखादा वाऱ्यानं हलला, की तो रिजेक्ट. उरलेल्यांचं चित्र तयार झालं की दाजी लांबून बघतात, जवळून बघतात आणि म्हणतात, "अजून दोन तासांचा डेटा पाहिजे होता."

परवा पुतणीसाठी मुलगा बघून आले, तेव्हाही हेच म्हणाले.

गारखेड्यातल्या घराची गच्ची ही त्यांची वेधशाळा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून दुर्बीणही तेवढीच उलट फिरवत ठेवावी लागते, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. त्यासाठी आधी ध्रुवतारा गाठायचा. आपल्या शहरातून तो क्षितिजाच्या जेमतेम २० अंश वर, आणि नेमका उत्तरेकडच्या शेजाऱ्यांनी मजला चढवून त्यावर काळी टाकी बसवली. अढळपदावरचा ध्रुव टाकीमागं गेला. दाजींनी जाऊन टाकी चार फूट सरकवता येईल का, असं विचारलं. कारण ऐकल्यावर शेजारच्या वहिनींनी ताईला बाजूला घेतलं, "भाऊजींना झोप लागते ना नीट?"

त्यांना झोप नसण्याचा फायदा मात्र सगळी गल्ली घेते. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येणार, तेही रात्री-अपरात्री. मग संध्याकाळीच कुणीतरी खालून ओरडून ठेवतं, "काका, जागेच आहात, नळ आला की हाक मारा हो!" दाजी इमानदारीनं हाक मारतात. दोन मिनिटांत घराघरांत मोटारी सुरू, गच्च्यागच्च्यांवर एलईडी लख्ख, आणि दाजींचा डेटा गटारात. वीज गेली की गल्ली कपाळाला हात लावते आणि दाजी जिने चढत वर पळतात. पण आता तीही मजा राहिली नाही, घरोघरी इन्व्हर्टर आहेत.

ताऱ्यांचं कळतं म्हणजे पत्रिकेचंही कळत असणार, असा लोकांचा सरळ हिशेब. एका बाईंनी काकुळतीनं सांगितलं, "आमच्या मुलीला मंगळ आहे हो." दाजी खुश होऊन म्हणाले, "माझ्याकडंही आहे, हार्ड डिस्कवर. दाखवू?"

पहाटेचे विधी वेगळेच. आधी दुर्बिणीला झाकण लावून फोटो काढायचे. त्यातून कॅमेऱ्याची स्वतःची खरखर कळते, ती मग वजा करायची. नंतर उजाडताना दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं बनियन ताणून आभाळाचे फोटो काढायचे, म्हणजे काचेवरची धूळ आणि कोपऱ्यातली काळपट छटा काढून टाकता येते. ताईचं मत असं, की उघड्या दुर्बिणीतून काही दिसेना म्हणून हे आता झाकण लावून बघतात.

खरं काम शहरात होत नाही. त्यासाठी दौलताबाद, खुलताबाद ओलांडून म्हैसमाळच्या बाजूला जावं लागतं. अमावास्येची रात्र, माळावर एकटा माणूस, शेजारी काळ्या पेट्या, कपाळाला लाल दिवा. पांढऱ्या उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात म्हणून तो लाल; पण आपल्या भागात या सगळ्याचा अर्थ एकच, गुप्तधन. एकदा गावातली माणसं काठ्या घेऊन आली. दाजींनी घाईघाईनं कॅमेरा काढला, आयपीस बसवली आणि शनीची कडी दाखवली. काठ्या खाली गेल्या, रांग लागली. एका आजोबांनी डोळा लावण्याआधी चपला काढल्या; अमावास्येला साक्षात शनी म्हटल्यावर दुसरं काय करणार? मग कुणाच्या तरी घरून चहा आला. डेटा शून्य. पण तेव्हापासून दाजी तिथं गेले, की शेतातला बल्ब कुणीतरी न सांगता बंद करतं.

उन्हाळा संपता संपता वृश्चिक-धनूकडचा आकाशगंगेचा गाभा रात्री झकास वर येऊ लागतो आणि पाठोपाठ ढगही येतात. मराठवाड्यात राहून 'ढग नकोत' असं मोठ्यानं म्हणायची सोय नाही. जूनमध्ये सगळे आभाळाकडं आशेनं बघतात, दाजीही बघतात, फक्त त्यांचा चेहरा बघवत नाही. शेवटी शेतकऱ्याचंच पोर, पहिला पाऊस झाला की दुर्बीण गुंडाळून ठेवतात आणि गावाकडं फोन लावतात, "वाफसा आला का?"

घरी आलेल्या पाहुण्याची सुटका नसते. मृगाचा तेजोमेघ दाखवून दाजी सांगणार, "सुमारे १३४० प्रकाशवर्षं लांब. हा उजेड तिथून निघाला तेव्हा वेरूळला छिन्नी चालू होती, कैलास लेणं अजून कोरायला घ्यायचं होतं." पाहुणा चष्मा पुसून विचारतो, "हे दूध उतू गेलंय का?" भाचा म्हणतो, "गुगलवर याच्याहून भारी आहे." त्यावर दाजी शांतपणे, "ते हबलचं आहे. हे गारखेड्याचं आहे."

हेन्री ड्रेपर हा त्यांचा दैवतासारखा माणूस. त्यानं १८८० साली न्यूयॉर्कजवळून याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, ५१ मिनिटं प्लेट उघडी ठेवून. दोनच वर्षांनी एडिसननं न्यूयॉर्कमध्ये वीजघर सुरू केलं. "वेळेत उरकलं त्यानं," दाजी उसासा टाकतात.

तेव्हा म्हैसमाळच्या वाटेवर कपाळाला लाल दिवा लावलेला माणूस दिसला, तर भिऊ नका आणि काठी काढू नका. थांबा, शनी वर असला तर दाखवतील. फक्त गाडी बाजूला घेतली की आधी हेडलाइट बंद करा, नमस्कार मग.