नववीचं दार लावणाऱ्या विश्वस्तांस खुले पत्र

मा. विश्वस्त महोदय,


आमच्या वस्तीतल्या एका मुलीच्या आईला तुमच्या शाळेचं पत्र आलं. आठवी झाली, शिक्षणहक्क कायद्याखालची (आरटीई) सवलत संपली, नववीची फी ९५,००० रुपये, १५ जूनपर्यंत पहिला हप्ता भरा नाहीतर दाखला घेऊन जा. पत्र इंग्रजीत होतं. आई फॉल-पिको आणि शिवणकाम करते. तिला ते वाचून दाखवलं तिच्या मुलीनंच. तुमच्याच शाळेत आठ वर्षं शिकलेलं इंग्रजी असं कामी आलं.

तुमचा हिशेब पक्का आहे, हे मान्य केलंच पाहिजे. या मुलीला पहिलीत प्रवेश मिळाला तो घरचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत होतं म्हणून. तहसीलदारांचा तसा उत्पन्नाचा दाखला तुमच्या कार्यालयात तिच्या फायलीला लावलेला आहे. तोच दाखला हाताशी असताना तुम्ही त्या घराकडे ९५,००० रुपये मागता. पैसे येणार नाहीत, हे पत्र टाइप व्हायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला फी नकोच होती. मुलगी जायला हवी होती.

कायदा आठवीपर्यंतच आहे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. चौदाव्या वर्षी मुलाचा हात सोडून देणारा कायदा अपुरा आहे आणि त्याबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण कायद्याची शेवटची ओळ तुम्हाला इतकी पाठ आहे, तर मधल्या ओळींचं काय झालं? कायद्यानं गरीब घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांना वर्गात वेगळं काढायचं नाही; पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, संगणक, खेळ, इतर उपक्रम यांत दुजाभाव करायचा नाही, असं केंद्राच्या आदर्श नियमांत लिहिलेलं आहे. तुमच्याकडे सहावीपासून दर शुक्रवारी रोबोटिक्सचा तास असतो. ज्यांनी वेगळे पैसे भरले ती मुलं वरच्या लॅबमध्ये जातात. ‘आरटीईवाले, खाली थांबा,’ असं भर वर्गात पुकारलं जातं आणि ती चार-पाच मुलं ग्रंथालयात जाऊन बसतात. लॅबमध्ये खुर्च्या रिकाम्या असतात, तरीही.

ही मुलगी मैत्रिणीच्या वहीवरून सगळं उतरवून घ्यायची. गणिताच्या वहीची मागची पानं मी पाहिली आहेत. पेन्सिलीनं काढलेली मोटर, स्विच, सेल, त्यांना जोडणाऱ्या तारा. सेलचं धन-ऋण कुठेही चुकलेलं नाही. तिनं ती मोटर हातात कधी धरलेली नाही.

पाचवीत असताना तिला विमानं बनवायची होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते सांगायची. आता विचारलं की म्हणते, ‘बघू, जे मिळेल ते.’ चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हे वाक्य आलं कुठून? घरातून नक्कीच नाही. तिची आई रात्री उशिरापर्यंत मशीन चालवते ती पोरीनं इंजिनिअर व्हावं म्हणूनच. ते तुमच्याकडून आलं. खाली थांबायला सांगितलेल्या प्रत्येक शुक्रवारी थोडं थोडं करून तिनं ते शिकून घेतलं. माझा तुमच्यावरचा सगळ्यात मोठा आरोप हाच आहे. फीचं पत्र त्याच्यापुढे काहीच नाही.

सरकार या मुलांच्या फीच्या प्रतिपूर्तीचे पैसे थकवतं, हे तुमचं गाऱ्हाणं खोटं नाही. एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवायचे आणि तेही वर्षानुवर्षं अडकवून ठेवायचे, हा शासनाचा निलाजरेपणा आहे. त्यासाठी मंत्रालयावर मोर्चा काढा, मी तुमच्याबरोबर चालेन. पण शासनाच्या थकबाकीची वसुली या पोरीकडून कसली करता?

९ फेब्रुवारी २०२४ ला शासनानं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेनं या जागा द्यायची गरज नाही, असा तो बदल. तेव्हा तुम्ही पालकसभेत तो निर्णय वाचून दाखवलात आणि आता प्रत्येक जण आपापल्या जागी सुखी राहील, असं म्हणालात. मी त्या सभेला होतो. तुमच्यासमोर बसलेल्या आयांपैकी कितीजणी पदराआड तोंड लपवत होत्या, ते तुम्ही पाहिलं नसेल. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल थांबवला, १९ जुलैला रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. तो निकाल मात्र तुम्ही कुठल्याच सभेत वाचला नाहीत.

तुमच्या सभागृहात जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या तसबिरी आहेत. ३ जानेवारीला हार घालून तुम्ही भाषण करता. १८८२ साली जोतिरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं, त्यातली तक्रार हीच होती, की पैसा रयतेच्या घामाचा आणि त्यातून शिकतात ती वरच्यांची मुलं. तुमची शाळा धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहे. निदान त्या तसबिरींखाली उभं राहून तरी ‘आपापल्या जागी’ हे शब्द उच्चारू नका.

दाखला घेऊन ही मुलगी जाणार कुठे, याचा विचार केलात? जवळची महापालिकेची माध्यमिक शाळा मराठी माध्यमाची आहे. तिथले शिक्षक मन लावून शिकवतात, शाळेला नावं ठेवायला मला जागा नाही. पण आठ वर्षं विज्ञान, गणित, भूगोल इंग्रजीतून शिकलेल्या मुलीनं दहावीच्या बोर्डाला दोन वर्षं उरलेली असताना सगळ्या संज्ञा नव्यानं शिकायच्या. तुमच्या वर्गातल्या मुली त्याच दोन वर्षांत क्लास लावतील. मग निकालाच्या दिवशी तुम्हीच म्हणाल, या मुलांना झेपत नाही.

मागणं साधं आहे. या वर्षी आठवीतून नववीत जाणाऱ्या आरटीईच्या मुलांची फी न्यासानं दहावीपर्यंत माफ करावी. दर वर्गात अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं आहेत, आणि ती बसतील ते बाक आधीच तुमच्याकडे आहेत. शुक्रवारी त्यांना लॅबमध्ये घ्यावं. ‘आरटीईवाले’ म्हणून हाक मारणं आजपासून बंद करावं. आणि हे कराल की नाही, ते १५ जूनच्या आत लेखी कळवावं. मराठीत, म्हणजे आईला स्वतः वाचता येईल.

कळावे,
वस्तीतला एक शेजारी