पोपटीत सोयाचं चिकन? अब्रह्मण्यम्!

कलियुग येणार येणार म्हणत होते, ते शनिवारच्या कर्जत फास्टने येऊन उतरलंसुद्धा. ऐकलंत ना? पोपटीच्या मडक्यात आता सोयाचं चिकन घालतात! भांबुर्ड्याचा पाला तोच, वालाच्या शेंगा त्याच, जाडं मीठ तेच, आणि मधोमध मुंबईहून बर्फाच्या डब्यातून आलेलं 'प्लांट बेस्ड' काहीतरी. कोंबडी नाही म्हणे, पण कोंबडीसारखं. अहो, कर्जतमध्ये कोंबड्यांचा दुष्काळ पडलाय का? की कोंबड्यांनीच संप पुकारलाय?

मागच्या गटारीला नळीवरून भाऊबंदकी करणारी मंडळी आता पाकिटामागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवतात. 'कोलेस्टेरॉल शून्य!' अहो, कोलेस्टेरॉल वनस्पतीत असलंच तर नावापुरतं. उद्या पाण्याच्या बाटलीवर 'हाडं शून्य' छापाल! फार्महाऊसवाल्यांचं एक वेळ सोडा, त्यांना दर हंगामाला नवा देव लागतो. पण खोपोलीचे ते काका? रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत पहिला नंबर सोडला नाही कधी, आणि आता भर लग्नात माणसाला कोपऱ्यात गाठून फायबरवर प्रवचन देतात. ताटात सुकं मटण वाढून घेतलेल्या माणसाने तोंड लपवायचं कुठे?

बरं, दोष तरी कुणाला द्यायचा? लातूरच्या देशमुखांचा रितेश आणि जेनेलिया, दोघांनी २०२१ मध्ये 'इमॅजिन मीट्स' काढली. पुढच्याच वर्षी विराट-अनुष्का तसल्याच 'ब्लू ट्राइब' कंपनीच्या गोटात. मराठवाड्याचा गडी बिनमटणाचे कबाब विकायला बसल्यावर रायगडाने काय म्हणून मागे राहावं?

आता 'पण तब्येतीला चांगलं असतं हो' हे पालुपद. असतं का? २०२० साली अमेरिकेत स्टॅनफर्डवाल्यांनी ३६ जणांना आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे 'बियाँड मीट'चा माल खायला घातला. वनस्पतीवाल्या आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल उतरलं, वजनही किलोभर कमी भरलं. वा! अभ्यासाला पैसे कुणी दिले? बियाँड मीटनेच. लग्नघरातल्या मावशीलाच 'मुलगी कशी आहे हो?' विचारण्यातला प्रकार. तरी खोटं कशाला बोला, आकडे छापून आलेत. फक्त त्यांच्या त्या वेळच्या एका पॅटीत साडेतीनशे-चारशे मिलिग्रॅम सोडियम असायचं आणि तेवढ्याच कच्च्या खिम्यात शंभराच्या आत, हे पाकीटवाले मोठ्याने वाचत नाहीत. (खिम्यात आपण मूठ सैल सोडून मीठ घालतो, ते आपणही वाचत नाही.) बी-१२ वरून घातलं नसेल तर तेही नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगवाल्यांनी सॉसेज-बेकनला थेट तंबाखूच्या पंगतीत बसवलं. ते सोडून पाकीट धरलंत तर नफा आहे, मान्य. पण ताजी मासळी सोडून धरलंत तर कसला नफा आणि कुणाचा?

आणि शाकाहारी म्हणजे आपोआप पथ्याचं, हे कर्जतच्या माणसाने ऐकून घ्यावं? घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडेपर्यंत फलाटावर वडापाव हाणणाऱ्या पिढ्या आपल्या! जन्मापासून शाकाहारी आहे तो वडा. लिहून दिला का कधी डॉक्टरांनी?

खरी चोरी तर पुढेच आहे. मांसाची सोंगं आपल्याला नवी आहेत होय? पावसाच्या तोंडावर ठाकर-कातकरी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. घशाला खाज सुटू नये म्हणून सोबत काकडं द्यायला विसरत नाहीत. ती शेवळं बारीक चिरून, वाटण लावून शिजवा, आणि खिमा नाही हे पाहुण्याला शपथेवर सांगत बसा. कोवळ्या फणसाचं तेच. फणसात प्रथिनं जेमतेम, पण तोरा मटणाचा. आणि वाल? वाळल्या वालात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं! म्हणजे मंडळी प्रथिनासाठी शेकड्यांनी रुपये मोजून पाकीट आणणार, ते वालांनी भरलेल्या मडक्यात घालणार, पाकिटातलं चाटूनपुसून खाणार आणि वालाच्या शेंगा 'पोट भरलं' म्हणून बाजूला सारणार. याला म्हणायचं काय?

आपण हसतोय खरे. पण फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे काय दडलंय, बोला! 'पोराने आणलंय' म्हणे. मग अर्धं कुणी संपवलं, पोर तर पुण्याला असतं ना? भर श्रावणात शेजारून खिम्याचा घमघमाट येतो, 'सोयाच आहे हो' म्हणत वाटी येते, आणि चातुर्मासात कांदा-लसूण चालतो का, हा प्रश्न नेमका त्याच दिवशी कुणाला सुचत नाही. रिकामी वाटी परत कशी द्यायची म्हणून चिमूटभर साखर घालून नेऊन दिली, आणि दारातच आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, कुठल्या दुकानात मिळतं म्हणालात?"