मोरगाव ते मोरगाव, मार्गे शारजा

मा. ट्रान्सपोर्ट इनचार्ज साहेब यांस,



पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. तीच सोय आहे. इंग्रजीत तुमच्याशी बोलायला लागले की मी ‘काइंडली’ आणि ‘ॲट द अर्लिएस्ट’मध्ये अडकते आणि फोन ठेवल्यावर घरच्यांवर ओरडते. घरच्यांनीच सुचवलं, की एकदा काय ते लिहून टाक.

परवा रात्रीचा तुमचा मेसेज मिळाला. ‘उन्हाळा व वाहतूक लक्षात घेता पाल्यांनी बसमध्ये चढण्यापूर्वी पाणी मर्यादित प्यावे, तसेच दप्तरात कपड्यांचा एक जादा जोड ठेवावा.’ शेवटी हात जोडलेली खूण. वाचून ऊर भरून आला. सप्टेंबर महिना, बाहेर चाळीसच्या वर पारा, आणि मुलांनी पाणी पिऊ नये असं सांगणारा पहिला माणूस आम्हाला लाभला. एवढी वर्षं आम्ही आया उगाच बाटल्या भरून देत होतो.

मेसेज का आला ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. त्यावर येतेच. आधी तुमच्या रूटचं कौतुक करू द्या, कारण त्या बुद्धिमत्तेची दखल अजून कुणी घेतलेली नाही.

तुमच्या बसचा मुक्काम दुबईत, अल कुसैसला, शाळेशेजारी. आम्ही राहतो शारजातल्या अल नहदात. मध्ये दोन अमिरातींची हद्द आहे, पण ती दाखवायला तिथे कुणी उभं नसतं. रस्ता ओलांडला की दुबई. शाळेच्या बाजूचे उंच टॉवर आमच्या गच्चीवरून दिसतात. रात्री अकराला गाडी काढली तर शाळेच्या फाटकापर्यंत दहा मिनिटं. तुमच्या बसला सकाळी एक तास पाच मिनिटं लागतात, कारण तुमची बस शाळेत जात नाही, ती यात्रेला जाते.

अष्टविनायक रीतसर करायचे तर मोरगावला सुरुवात करावी, बाकीचे सात गणपती करावेत आणि पुन्हा मोरगावला येऊन यात्रा संपवावी, असं आमच्याकडे मानतात. तुम्ही केरळचे, तुम्हाला हे कुणी सांगितलं कोण जाणे. पण रूट तुम्ही तंतोतंत तोच आखला आहे. आमची बिल्डिंग मोरगाव. पाच पस्तीसला माझी चौथीतली मुलगी पहिल्यांदा चढते. मग अल तावून, अल खान, खालिद तलावाच्या कडेने अल मजाझ, अल कासिमिया, अबू शगारा. प्रत्येक ठिकाणी एखादं मूल झोपेत बूट घालत खाली येतं आणि त्याची आई लिफ्टमधून ‘आलो, आलो’ करत मागून. सहा वीसला यात्रा पुरी करून बस परत मोरगावला येते, म्हणजे आमच्याच बिल्डिंगसमोरून दुबईकडे जाते. तेव्हा मी बाल्कनीत चहा घेऊन उभी असते. डाव्या बाजूची तिसरी खिडकी. सुरुवातीला ती मला हात करायची, आता करत नाही. तिचं डोकं काचेला टेकलेलं असतं आणि तोंड उघडं असतं. दुपारी घरी येते तेव्हा गालावर सीटबेल्टच्या पट्ट्याचा ठसा असतो, विणीसकट.

मी तुम्हाला विचारलं, की साहेब, सहा वीसला इथूनच जाता, तर तिला सहा वीसलाच का घेत नाही? तुम्ही फार शांतपणे समजावलंत. “मॅडम, शारजात शिरताना तुमची बिल्डिंग आमच्या हाताला येते. परत जाताना रस्त्याच्या पलीकडे. मुलांना रस्ता ओलांडायला लावता येत नाही. यू-टर्न घ्यायचा तर पुढच्या सिग्नलपर्यंत जावं लागतं. आठ मिनिटं जातात.”

आठ मिनिटं कुणाची? बसची. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलींची पाऊण पाऊण तासाची झोप एका पारड्यात आणि तुमच्या बसची आठ मिनिटं दुसऱ्या, आणि पारडं तुमचं जड! हा तराजू कुठल्या दुकानातून आणलात?

बरं, सकाळी पहिली चढते तर दुपारी पहिली उतरत असेल, असं एखाद्या भाबड्या माणसाला वाटेल. दुपारी तुमचा ‘रिव्हर्स रूट’ असतो. म्हणजे पावणेदोनला सुटलेली बस शारजात शिरताना आमच्या बिल्डिंगला अगदी घासून जाते, पोरी आतून आपापलं घर बघतात, आणि बस पुढे अबू शगाऱ्याला. मग उलटी यात्रा. सव्वातीनला, सगळे उतरल्यावर, परतीच्या वाटेवर आमच्या मुली. आता बिल्डिंग पलीकडे असते ना? मग बस काय करते? साहेब, बस तोच यू-टर्न घेते! सकाळी जो यू-टर्न परवडत नव्हता तो दुपारी कसा परवडतो, हे मी विचारलं तेव्हा तुमच्याकडे नेटवर्क गेलं.

आणि ट्रॅफिकचं कारण मला सांगू नका. शारजाचं ट्रॅफिक मी रोज भोगते. तावूनहून इत्तिहाद रोडला लागेपर्यंत माणसाच्या हातून एखादा गुन्हा घडू शकतो. पण शुक्रवारचं काय? २०२२ च्या जानेवारीपासून शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार सुट्टी असते. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस शाळा. म्हणजे शुक्रवारी पहाटे अख्खं शारजा पांघरुणात, रस्त्यावर पाव पोचवणारी व्हॅन आणि तुमची पिवळी बस. माझा धाकटा शारजाच्या शाळेत बालवाडीत आहे, तो त्या दिवशी आठपर्यंत घोरतो. त्याची ताई मात्र पाच पस्तीसला खाली. पुढच्या स्टॉपवर बस उभी, कारण वेळ व्हायची आहे. त्याच्या पुढच्या स्टॉपवरही उभी. रस्ता रिकामा असताना मुलं बसमध्ये बसून वेळापत्रकाची वाट बघतात. तेव्हा मला कळलं, की ट्रॅफिक रस्त्यावर नव्हतंच, तुमच्या एक्सेलच्या तक्त्यात होतं.

बाकीच्या तक्रारी पटकन उरकते. तुमचं ट्रॅकिंग ॲप दर आठवड्याला बस ममझरच्या पाण्यात दाखवतं. आता मी घाबरत नाही. मागच्या तीन रांगांना एसी लागत नाही. फी टर्मची आगाऊ, परतावा नाही, हे ठळक अक्षरात. धुक्याच्या दिवसांविषयी हिवाळ्यात स्वतंत्र पत्र लिहीन.

डोंबिवलीहून सासूबाई सकाळी व्हिडिओ कॉल करतात. त्यांचे सात, आमचे साडेपाच. लिफ्टमध्ये डुलक्या घेणारी नात बघून त्यांनी एकदा विचारलं, “अगं, दुबईला लोकल आहे का?” नाही म्हटलं, आई, मेट्रो आहे. २०११ साली ग्रीन लाइन सुरू झाली, तिच्यावर अल नहदा नावाचं स्टेशनसुद्धा आहे. पण ते दुबईतल्या अल नहदाचं. हद्दीच्या अलीकडे मेट्रो येत नाही.

साहेब, या देशात वेळेला किंमत आहे, आणि ती सगळ्यांना माहीत आहे. इत्तिहाद रोडवर ममझरच्या सालिक टोल गेटमधून माझा नवरा सकाळी सहा ते दहाच्या गर्दीत गेला तर २०२५ पासून चाराऐवजी सहा दिरहम कापले जातात. रस्त्यावरच्या मोठ्या माणसाच्या तासाचा भाव वेगळा लावला आहे. उन्हात राबणाऱ्या मजुरांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करू द्यायचं नाही, असा नियम आहे, आणि तो योग्य आहे. तुमच्या बसचा ‘स्टॉप’चा फलक उघडा असताना मागची गाडी थांबली नाही तर हजार दिरहम दंड आणि परवान्यावर दहा ब्लॅक पॉइंट. आमच्या रस्त्यावर लँड क्रूझरवालेसुद्धा पाच मीटर लांब गुमान उभे राहतात, बघून बरं वाटतं. मुलीच्या पायऱ्या चढण्याला एवढी किंमत आहे. पायऱ्या चढून आत गेली, दार लागलं, की पुढचा तास-दीड तास तुमच्या वहीत फुकट. डिझेलचा हिशेब असतो, ड्रायव्हरच्या ओव्हरटाइमचा असतो. नऊ वर्षांच्या पोरीच्या पाठीचा नाही, भुकेचा नाही आणि लघवीचा तर नाहीच.

आता त्या दिवसाबद्दल.

दुपारची बस. इत्तिहाद रोडवर अपघात, तावूनपर्यंत गाड्यांची रांग. पहिलीतला एक मुलगा बसमधल्या मदतनीस आँटींना म्हणाला, मला जायचंय. आँटी म्हणाल्या, थोडा वेळ थांब. पेट्रोल पंप समोर दिसत होता. बस मध्येच थांबवून मूल उतरवता येत नाही, नियम आहे, आणि त्या बिचाऱ्यांची नोकरी आहे. मुलगा थांबला. पुन्हा म्हणाला. मग म्हणायचा थांबला. सीटवरून पाणी खाली आलं तेव्हा मागचे हसले. माझी मुलगी घरी आली ती सरळ बाथरूममध्ये गेली, कारण तीही थांबलेली होती. बाहेर येऊन म्हणाली, “आई, उद्यापासून मी शाळेत पाणी पिणारच नाही, म्हणजे प्रॉब्लेम नाही.” तुमचा मेसेज यायच्या आधी ती स्वतःहून तुमच्या निष्कर्षाला पोचली होती. हुशार आहे पोरगी.

त्या मुलाच्या आईला तुमच्याकडून फोन गेला का? नाही. रूट कमी केला का? नाही. सहा वर्षांचं पोर भरल्या बसमध्ये ओल्या चड्डीत बसून घरी गेलं आणि तुम्ही अडीचशे पालकांना लिहिता की पाणी कमी प्या? लाज वाटत नाही? पाणी कमी पिऊन जी मुलं डोकं धरून बसतील त्यांच्यासाठी पुढचा मेसेज काय असणार आहे, ऊन कमी घ्या? तुम्हाला रूट छोटा करता येत नाही म्हणून तुम्ही मुलांचं मूत्राशय मोठं करायला निघालात!

हे सगळं मी, मेसेज आला त्या रात्री, फोनवर बोलले, सौम्य इंग्रजीत. रात्री अकराला तुम्ही फोन उचललात, हे कबूल करायला हवं. पलीकडे तुमचं जेवण चाललं असावं. तुम्ही म्हणालात, “मॅडम, बस कंत्राटदाराची. मला मागितल्याच्या निम्म्या मिळाल्या. तुमची मुलं सहा चाळीसला उतरवली की त्याच बसला दुसऱ्या शाळेची फेरी आहे. तिथे उशीर झाला तर मला फोन.” म्हणून शाळा सात वीसला भरते आणि माझी मुलगी सहा चाळीसपासून हॉलमध्ये दप्तरावर बसलेली असते. एवढं कारण आजवर तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलंत, आणि लगेच ‘प्लीज डोन्ट कोट मी’ म्हणालात. म्हणून तुमचं नाव घातलेलं नाही.

मग तुम्ही म्हणालात, “माझी मुलगी अजमानच्या बसला पहिली सवारी आहे. पाच पाचला.”

यावर काय बोलायचं, सांगा. स्टाफच्या मुलीला फी माफ, म्हणून बस शाळेचीच आणि स्टॉपही पहिला. तुम्ही तिच्या आधी निघत असणार. मी एकदा फॉर्म द्यायला सकाळी शाळेत आले होते, तेव्हा तुम्हाला पाहिलंय. बस रिकामी झाली की तुम्ही स्वतः चढता. आँटींनी बघितलेलं असतं, ड्रायव्हरने बघितलेलं असतं, तरी तुम्ही शेवटच्या रांगेपर्यंत जाता, वाकून सीटखाली बघता, मगच पुढची बस. २०१४ साली अबूधाबीत आणि २०१९ साली दुबईत एकेक लहान मूल बसमध्ये राहून गेलं आणि उन्हात गेलं. त्या बातम्यांनंतर इथल्या कुठल्याच आईला बसचं बंद दार साधं वाटलं नाही. तुम्हालाही वाटत नसावं. वाकताना तुम्ही एक हात कंबरेवर ठेवता.

तुमची कंबर दुखते याचं मला वाईट वाटतं. तरीही मी तुम्हाला सोडणार नाही. कारण कंत्राटदाराचा नंबर माझ्याकडे नाही, शाळेच्या मालकांचा नाही, आणि व्यवस्थापनाला पाठवलेल्या ईमेलला ‘युअर कन्सर्न इज नोटेड’ असं एक यंत्र उत्तर देतं. भांडायला हाताशी तुम्हीच आहात. शारजात शिरताना आमच्या बिल्डिंगचं झालं तसंच समजा.

तेव्हा मागण्या ऐका. एक, तो पाण्याचा मेसेज मागे घ्या. त्याला कंत्राटदाराची परवानगी लागत नाही. दोन, सकाळी आमच्या मुलींना सहा वीसला रस्त्याच्या पलीकडून घ्या. बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांनी लिहून दिलंय, की आम्ही मोठी माणसं हात धरून, सिग्नलवरून, मुलींना पलीकडे आणून उभं करू. कागद तयार आहे. पॉलिसीत बसत नाही, असं तुम्ही म्हणाल. पाणी पिऊ नका हे कुठल्या पॉलिसीत बसलं, ते आधी दाखवा. तीन, दुपारी बस आमच्या दाराला घासून जाते तेव्हा ब्रेक दाबा. एवढंच. ब्रेक.

आणि एक सूचना, मागणी नाही: तुमच्या मुलीचाही स्टॉप शेवटी घ्या. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

कळावे,

अल नहदाची पहिली सवारी हिची आई

ता. क. दुसऱ्या टर्मची बस-फी काल भरली. पैसे गेले, ॲपवर अजून ‘पेंडिंग’ दिसतंय. तेवढं बघा.