हॉर्न ओके, कंबर नॉट ओके

ट्रकचं सस्पेन्शन सुधारायचं म्हणजे काय करायचं, हे आपल्याकडच्या कुठल्याही कमानवाल्याला विचारा. तो हात पुसत पाट्यांकडे बोट दाखवेल. ‘दोन पाटे जादा टाकतो शेठ, मग बिनधास्त भरा.’ झाली सुधारणा. मागची कमान जाड झाली, माल वाढला, मालक खूश. पुढे चाकाच्या डोक्यावर बसलेल्या माणसाचं काय झालं, हा रकाना कमानवाल्याच्या बिलात नसतो आणि मालकाच्या वहीतही नसतो. रिकाम्या परतीच्या फेरीत तर या जादा पाट्यांमुळे गाडी अशी आपटते, की ड्रायव्हर सीटवर कमी आणि हवेत जास्त असतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. हे पाटे रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणालाही वाकून मोजता येतात. पण वाकायचं कोणी? आपल्या यंत्रणेची नजर पाटीवर पडते, पाट्यावर पडत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद केलं. कारण दिलं ध्वनिप्रदूषणाचं. उत्तम. कानांची सोय झाली, कंबरेचा नंबर अजून लागायचाय.

मालाचा नंबर मात्र वेळेवर लागतो. २०१८ मध्ये केंद्राने एक्सल लोड वाढवून दिला. दोन एक्सलच्या गाडीचं मालासकट वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं, दहा टायरवालीचं २५ वरून २८.५ वर. ओव्हरलोड म्हणून ज्याची पावती फाटत होती, त्यातला बराचसा माल एका अधिसूचनेत सज्जन झाला.

आता ड्रायव्हरला चाकाच्या डोक्यावर बसवणारी ही चपट्या तोंडाची गाडी आपल्याकडे एवढी का बोकाळली, तेही मालामुळेच. नाकवाल्या ट्रकमध्ये इंजिन पुढे, ड्रायव्हर त्याच्या मागे आणि पुढच्या चाकांच्याही मागे. नियम गाडीची लांबी नाकापासून शेपटीपर्यंत मोजतो, म्हणजे नाक जेवढं लांब तेवढा हौदा आखूड. म्हणून नाक कापलं, इंजिन सीटखाली घातलं आणि ड्रायव्हरला उचलून पुढच्या एक्सलवर नेऊन ठेवलं. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने आख्ख्या गाडीऐवजी ट्रेलरची लांबी धरायला सुरुवात केली, तशी तिथे लांब नाकाची चलती झाली आणि चपटे ट्रक हळूहळू दिसेनासे झाले. सांगायचा मुद्दा एवढाच, की ड्रायव्हरने कुठे बसायचं हे दोन्हीकडे मोजपट्टीने ठरवलं. त्याच्या पाठीला कोणी विचारलं नाही.

पाठीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. एसटीत मागच्या सीटवर बसून खंबाटकी घाट केलेल्या माणसाला हे शास्त्र शिकवावं लागत नाही. गाडीच्या मधोमध धक्के कमी, टोकाला जास्त. चपट्या ट्रकचा ड्रायव्हर कायमचा पुढच्या टोकाला असतो. शिवाय तो उंचावर असतो, त्यामुळे गाडी पुढेमागे डुलली की त्याचं डोकं आणि खांदे त्याहून जास्त डुलतात. खड्ड्यात चाक गेलं की वर आपटणं वेगळं, सीटच्या पाठीवर आदळणं वेगळं. आणि बुडाखाली इंजिनाची ऊब. ती फुकट.

त्यात आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चाक चढून अलगद उतरेल असा गोल. आपल्या गावांत ग्रामस्थांच्या मागणीवरून एका रात्रीत जो उगवतो, त्याची उंची कोणाचा किती राग आहे त्यावर ठरते. रुंदी म्हणाल तर बसल्या म्हशीएवढी. कारवाला ब्रेक मारून शिव्या देतो आणि विसरतो. ट्रकवाल्याच्या मणक्यात त्याची नोंद राहते.

यावर उपाय नाही असं नाही. उपाय जुना आहे आणि तुम्ही-आम्ही त्यावर बसलोही आहोत. २००१ मध्ये व्होल्वोची बी-सेव्हन-आर बस भारतात आली, आणि रबरी फुग्यांवर तरंगणारी गाडी काय असते हे मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला कळलं. आज शिवनेरीत जास्तीचे पैसे मोजून लोक डोळे मिटून झोपतात. हवेचा फुगा तोच, कंप्रेसर तोच, हवाही तीच. मग बसमध्ये आला तो ट्रकच्या केबिनमध्ये का येत नाही? कारण प्रवासी तक्रार करतो, पुढच्या वेळी दुसऱ्या बसचं तिकीट काढतो. काचेचा माल तक्रार करत नाही, पण फुटतो आणि बिलातून कापला जातो. ड्रायव्हर धड फुटतही नाही. तो दहा वर्षांत हळूहळू वाकतो, आणि तोवर गाडी विकलेली असते.

गंमत म्हणजे हवा ट्रकमध्ये आधीपासून आहे. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, टाकी भरलेली असते, कंप्रेसर दिवसभर चालू. एअर सीटला त्यातली चिमूटभर पुरते. खाली कात्रीसारखी घडी, मध्ये फुगा, बाजूला शॉकअप. खड्डा आला की घडी मिटते, फुगा दबतो, माणूस जागच्या जागी. हवेची भानगड नको असेल तर स्प्रिंगवाली सस्पेंडेड सीट असते. तिला वजनाचा खटका असतो, साठ किलोच्या पोरासाठी वेगळा, नव्वद किलोच्या पैलवानासाठी वेगळा. डबल ड्रायव्हरच्या गाडीत तो खटका दर पाळीला फिरवायचा असतो. फिरवला नाही तर सीट तळाला ठोकते, आणि तो ठोका साध्या फळीपेक्षा वाईट.

फळी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. नुसती चेसिस विकत घ्यायची आणि केबिन बाहेर बांधून घ्यायची, ही आपली जुनी रीत. ती केबिन बहुतेक वेळा सरळ चेसिसला बोल्टने आवळलेली, मध्ये रबराचे तुकडे, तेही उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने दोन वर्षांत दगड होतात. कोणत्याही ट्रान्सपोर्टनगरात सीटवाल्याच्या दुकानापुढे उभं राहा आणि उसवलेली ड्रायव्हर सीट बघा. वर रेग्झिन, त्यावर ड्रायव्हरने आपल्या पैशाने घातलेलं लाकडी मण्यांचं कव्हर. खाली दबून दोन बोटं उरलेला फोम. त्याखाली घडी घातलेलं पोतं. पोत्याखाली जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा. सगळ्यात खाली प्लाय, मध्यभागी खोलगट झालेला. भारतीय ट्रकच्या सीटमधलं संशोधन ते हेच, आणि त्याचा सगळा खर्च ड्रायव्हरच्या खिशातून.

‘शेठ, सीट बदला की.’

‘का रे, फाटली का?’

‘सीट बरी आहे. माझी कंबर फाटली.’

‘मग फोम जाड टाकून घे की. चार इंच टाक.’

शेठ इथे मोठ्या मनाने चुकतात. नुसत्या फोमची गादी सेकंदाला चारेक हेलकाव्यांच्या आसपास धक्का वाढवते, आणि माणसाचं धड नेमकं चार ते आठ हेलकाव्यांना सर्वांत हळवं असतं. म्हणजे जाड गादीवर बुड सुखात, मणका दुःखात. एअर सीट स्वतः सेकंदाला जेमतेम एकदा-दीडदा हलते, म्हणून ती ट्रकचे हे हेलकावे गाळते. फरक आहे तो एवढाच, पण शेठला फोमचा दर पाठ असतो आणि हा फरक पाठ नसतो.

युरोपात २००२ च्या निर्देशाने शरीराला बसणारी थरथर मोजून तिला मर्यादा घातली आहे. आठ तासांच्या पाळीला ०.५ चा आकडा ओलांडला की मालकाने हातपाय हलवायचे, १.१५ च्या वर जायचंच नाही. आपल्याकडे आठ तास हा आकडा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात आला. तो ड्रायव्हरला वाचून दाखवा. करमणूक नाही म्हणतात हायवेवर.

आणि आता एसी. नितीन गडकरींनी २०२३ मध्ये जाहीर कार्यक्रमात ट्रकवाल्यांच्या उन्हातल्या हालांबद्दल बोलून फाईलवर सही केल्याचं सांगितलं. खर्च वाढेल म्हणून कोण कोण कुरकुरत होतं, तेही सांगितलं. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना केबिनचा एसी सक्तीचा आहे. नागपूरच्या माणसाला मे महिन्यातली केबिन काय असते हे समजलं, याचं कौतुक मनापासून आहे. पण एसी फक्त नव्या गाड्यांना. आणि आदळणाऱ्या सीटवर एसी म्हणजे कंबर मोडेल, पण गारव्यात मोडेल.

नव्या फॅक्टरी केबिनमध्ये, म्हणाल तर, चित्र पुष्कळ बरं आहे. टाटांची प्रायमा २००९ मध्ये आली, भारतबेंझच्या गाड्या २०१२ मध्ये. झुलती केबिन आणि सस्पेंडेड सीट ही तेव्हापासून ब्रोशरात ऐटीत छापायची गोष्ट झाली. अडचण ब्रोशर मिटल्यावर येते. वरच्या मॉडेलचा हप्ता ऐकला की शेठ खालच्या मॉडेलवर येतात. वाचलेल्या पैशातून गाडी सजते. पुढे स्टीलचा बंपर, आरशाला गोंडे, टपावर निळे दिवे, आणि चार सुरांत किंचाळणारा हॉर्न. नजर लागू नये म्हणून काळी बाहुली टांगतात. ड्रायव्हरचा मणका आधीच लागलेला असतो, त्याला बाहुली काय करणार?

ज्यांना खरंच जुन्या गाडीत सुधारणा करायची आहे त्यांनी सीटकडे उडी मारण्याआधी खालून सुरुवात करावी. पुढचे शॉकअप तेल गळून मेलेले असतात, कमानीचे बुश झिजलेले, केबिनखालची रबरं दगड. एवढं बदललं तरी अर्धी मजल. केबिनच्या मागच्या बाजूला स्प्रिंगवाले माउंट बसत असतील तर ते बसवावेत. सीट शेवटी. आणि सीट बसवताना आपला लाडका जुगाड आवरावा. ब्रेकच्या पाइपला सरळ टी जोडून हवा घेणारे फिटर आहेत. सीटची नळी फुटली की ब्रेकची हवा गेली, आणि तीही बहुधा घाटात. मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह पाहिजे म्हणजे पाहिजे. सीट पातळ पत्र्यावर ठोकू नका, खाली मजबूत प्लेट द्या. सीट वरखाली होणार, तर तिच्याबरोबर बेल्टही जमला पाहिजे, नाहीतर तो दर खड्ड्याला ड्रायव्हरचा गळा धरेल. आणि आधी छताची उंची मोजा. नव्या सीटवर बसून डोकं टपाला लागणार असेल, तर दुखणं कंबरेतून टाळूत गेलं एवढंच.

गाडीमालकांना एक विनंती. पुढचा ट्रक घेण्याआधी तुमच्याच जुन्या गाडीत, रिकाम्या, ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हर आणि शेजारच्या फळीवर तुम्ही, असे कळंबोलीहून महाडपर्यंत जाऊन या. एसी गाडी मागून येऊ देऊ नका. उतरल्यावर सरळ उभं राहता आलं तर खालचं मॉडेल घ्या. नाही आलं, तर सीटचे पैसे मोजा, आणि ते ड्रायव्हरच्या पगारातून कापू नका.