धावपट्टीशेजारची खुर्ची

लोहगावचं सुखोई पुण्याच्या आकाशात गरजलं, की मार्केट यार्डातल्या गाळ्यावर हिशोबपट्टी लिहिणारं पोरगंही मान वर करतं. आडत्याच्या पोराला वैमानिक व्हायचंय, हमालाच्या पोरीलाही व्हायचंय. का होऊ नये? खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, शहराच्या वेशीवर आहे आणि २०२२ पासून तिथे मुलीही शिकतात.

स्वप्नात खोट नाही. खोट सल्ल्यात आहे.

‘वैमानिक नाही तर नाही, ग्राउंड ड्युटी घे. नाहीतर लष्करात जा, हवाई तळावर समन्वय अधिकाऱ्याची नेमणूक मिळव. एकदा आत शिरलास की उडायलाही मिळेल.’ ऐकायला किती सोपं! पण हे कोणत्या नियमात लिहिलंय, हे विचारलं की सल्लागार विषय बदलतो.

समन्वय अधिकारी करतो काय? तो लष्कराचा, बसतो हवाई तळावर. आपले जवान कुठवर पोचले, शत्रू कुठे दबा धरून आहे, बॉम्ब कुठे पडता कामा नये, हे तो वैमानिकांना सांगतो. त्याची चूक झाली तर आपलीच माणसं मरतात. इतकं मोलाचं काम. पण आडत्यासमोरून रोज टनावारी कांदा गेला म्हणून त्याला कांद्याची शेती येते का?

विमानाजवळ बसणं वेगळं, विमानात बसणं वेगळं.

आता वयाचा हिशोब मांडा. हवाई दलाच्या एएफकॅट परीक्षेत फ्लाइंगसाठी वय २० ते २४. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती असेल तरच २६ पर्यंत सूट. ग्राउंड ड्युटीला सरसकट २६. म्हणजे पंचविशीत ‘आधी आत तर शिरू’ म्हणणाऱ्याची उडण्याची वेळ आत शिरण्याआधीच टळलेली असते.

मग चाचणी. वैमानिकाची संगणकीकृत निवड चाचणी एकदाच. नापास झालात तर आयुष्यात पुन्हा नाही. जमिनीवर दहा वर्षं इमानेइतबारे राबलात, तरी तो निकाल पुसला जात नाही.

आणि माप. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर. टेपपुढे ना ओळख चालते, ना ज्येष्ठता.

‘पण काही जण गेलेच की!’ गेले ना. लष्कराच्या एव्हिएशन कोअरमध्ये इतर शाखांतले अधिकारी अर्ज करून जात आले आहेत. कॅप्टन अभिलाषा बराक आधी आर्मी एअर डिफेन्समध्ये होत्या. मे २०२२ मध्ये नाशिकच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांना विंग्ज मिळाले. लष्करी एव्हिएशनमधल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक.

पण अर्धी गोष्ट सांगून थांबू नका.

एव्हिएशनसाठी अर्ज भरताना महिलांना तिथे फक्त जमिनीवरचं काम मिळतं, हे बराक यांना ठाऊक होतं. तरी वैमानिकाच्या चाचण्या उत्तीर्ण असल्याचं त्यांनी अर्जात नोंदवलं. निकाल आधी हाती होता, दार नंतर उघडलं. ते २०२१ मध्ये उघडलं तेव्हा लष्करप्रमुख होते पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत शिकलेले जनरल मनोज नरवणे. पंधरा महिला अधिकाऱ्यांनी तयारी दाखवली. चाचणी आणि वैद्यकीय तपासणीतून पार पडल्या किती?

दोन.

शिवाय बराक कर्नलच्या कन्या. कोणती चाचणी कधी द्यायची, हे त्यांना घरातच विचारता येत होतं. हमालाच्या पोरीने कुणाला विचारायचं? तिला तर अचूक माहिती पहिली मिळायला हवी. तिच्या पदरात ऐकीव सल्ला टाकणं हा अन्याय आहे.

म्हणून जमिनीवरचं काम कमी प्रतीचं ठरतं का? मुळीच नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी विमानं चालून आली, तेव्हा स्क्वॉड्रन लीडर मिंटी अगरवाल जमिनीवरून आपल्या वैमानिकांना दिशा देत होत्या. युद्ध सेवा पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांची खुर्ची ही कुणाची प्रतीक्षागृहातली जागा नव्हती.

तेव्हा पोरांनो, क्रम उलटा करू नका. बारावीला आहात? एनडीए द्या. कॉलेजात आहात? एनसीसीच्या एअर विंगचं ‘सी’ प्रमाणपत्र मिळवा, एएफकॅटला फ्लाइंग भरा. डोळे आजच तपासा, उंची आजच मोजा. जमिनीवरची नेमणूक समोर आली तर तीन गोष्टी लेखी नियमात शोधा: बदलीची तरतूद आहे का, तेव्हा माझं वय बसेल का, चाचणीची संधी शिल्लक आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर ती वाट आकाशाकडे जात नाही.

मग एकच प्रश्न उरतो. आयुष्यभर उडता आलं नाही, तरी हे काम मी मनापासून करीन का? ‘हो’ असेल तर बिनधास्त सही करा. ‘नाही’ असेल तर ती जागा जिला खरंच हवी आहे, तिच्यासाठी सोडा.